आधी पाणी, मग दार

२ सप्टेंबर

प्रिय बटण,

शाळेत सिस्टर शिकवायच्या तशी आधी खुशाली लिहायला घेतली होती, पण तू म्हणशील, ताई, मुद्द्यावर ये. मुद्दा असा की बाबा माझ्याकडे आहेत, मनगटाची सूज उतरली आहे, आणि ते पाणी पीत नाहीत.

तुझा निरोप ऐकला. "बाबांना मला न विचारता उचलून नेलंस, आता मलाही काही विचारू नकोस." बरं. विचारत नाही, फक्त कळवत राहीन. फोनवर तू मला मधेच तोडतेस, पत्रात तोडता येत नाही.

तुझ्या घराजवळच्या शुश्रूषागृहात त्यांच्यासाठी महिनाअखेरपर्यंत खाट धरून ठेवली आहेस, हेही त्याच निरोपात होतं. खाट चांगली असेल, यात मला शंका नाही. पण तिथे त्यांना दिवसभर त्या खाटेवरच ठेवतील. आयुष्यभर दारोदार फिरून विजेचे मीटर वाचलेला माणूस आहे तो. तो अनोळखी इमारतीच्या जिन्यात पडला, हे खरं. मी पोचले तेव्हा मनगट सुजलेलं, चष्मा खिशात, आणि समोरच्या मीटरचा आकडा तोंडपाठ.

म्हणून मी दाराला आतून कुलूप लावते. किल्ली माझ्या खिशात असते. सकाळी उठल्याबरोबर ते बूट घालून दाराशेजारच्या खुर्चीत बसतात. "दार उघड, उशीर होतोय." मी म्हणते, पाणी घ्या. ते म्हणतात, "झालं." कधी झालं? "मघाशीच." मघाशी काही झालेलं नसतं.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी जीभ बघितली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तंबूसारखी तशीच उभी राहिली. म्हणाल्या, "हे असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल, आणि ते घरी रोज जमायचं नाही. मग कुठेतरी ठेवावंच लागेल यांना."

म्हणजे सगळं पाण्यावर येऊन अडलं आहे. पाणी प्यायले तर इथे राहतील, नाही प्यायले तर तुझी खाट आहेच.

तुझी,
ताई


७ सप्टेंबर

प्रिय बटण,

"बाबा म्हणजे तुझे उंदीर नाहीत." एवढ्यासाठी तू फोन केलास आणि लगेच ठेवलास. ठीक आहे. उंदीर नाहीत हे मलाही दिसतं. उंदीर इतके हट्टी नव्हते.

माझ्या प्रयोगशाळेत तू एकदाच आली होतीस, तीही नाकाला रुमाल लावून. तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते, कारण त्यातूनच मला हे सुचलं. सगळ्यांना वाटतं, जनावराला काही शिकवायचं तर तोंडात दाणा टाकायचा. आमच्याकडे दाणा नव्हता. आमच्याकडे चाक होतं. पिंजऱ्यात बसवलेलं, उंदराला आत शिरून पळता येईल असं. पळून तो कुठेच पोचत नाही, पण त्याला पळायचं असतं. नुसतं पळणं हेच त्याचं बक्षीस.

आम्ही चाकाला ब्रेक लावायचो. पाण्याच्या बाटलीची नळी काही वेळ चाटली की ब्रेक सुटायचा. उंदराला तहान अजिबात नसायची, बाटली दिवसभर समोरच असे. तरीही ब्रेक कशाने सुटतो हे कळल्यावर तो पाणी प्यायचा. पळण्यासाठी प्यायचा! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आणि माझी सहकारीण एकमेकींकडे बघून हसलो होतो. आमचा एक जाडा, राखाडी उंदीर होता, त्याला आम्ही हेडमास्तर म्हणायचो. तो पाणी पिता पिता डोळ्याच्या कोपऱ्यातून चाकाकडे बघत असायचा.

आणि खरं सांगू, हे शास्त्र आपल्या शाळेत आमच्या आधीपासून होतं. आठवतो तो मधल्या सुट्टीतला दुधाचा ग्लास? साय धरलेलं, कोमट, पत्र्याच्या टाकीचा वास येणारं दूध. ग्लास उपडा करून दाखवला की सिस्टर कमरेची किल्ली काढून मैदानाचं फाटक उघडायच्या. तुझे मोजे घसरलेले, गळ्याचं बटण चावून चावून लोंबलेलं, आणि तरी फाटकातून सगळ्यांत आधी तू बाहेर. मी ओठ पुसत मागून यायचे, तोवर तू झोपाळा धरलेला असायचा.

तर मी ठरवलं आहे. आधी पाणी, मग दार.

आज सुरुवात केली. "बाबा, हा ग्लास संपवा, मग दार उघडते."

"लाच देतेस?"

"बक्षीस देते."

"आमच्या खात्यात त्याला असंच म्हणायचे."

पण ग्लास घेतला. मी चष्मा आणायला आत गेले, परत आले तो ग्लास रिकामा. उपडा करून दाखवला सुद्धा.

तुझी,
ताई


१३ सप्टेंबर

प्रिय बटण,

जमतंय. मला स्वतःलाच नवल वाटतंय. ग्लासामागून ग्लास संपतोय. मी भरून देते, ते म्हणतात, "माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस, घोट अडकतो." मी आत जाते, परत येते, ग्लास रिकामा. मग दार.

फार लांब जात नाही आम्ही. आमच्या इमारतीत प्रत्येक दाराच्या बाजूला मीटर आहे, तेवढं त्यांना पुरतं. मी कोपर धरते, ते जिना उतरत प्रत्येक पेटीपुढे थांबतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. पहिल्या मजल्यावरच्या शेजारीण मुलाकडे गेल्या आहेत, घराची किल्ली माझ्याकडे ठेवून. तिथला आकडा हलतच नाही, म्हणून बाबा रोज तिथे जरा जास्त वेळ थांबतात. काल म्हणाले, "इथे काहीतरी गडबड आहे." मी सांगितलं, घर बंद आहे बाबा. "मग नोंद करायला हवी."

तळमजल्यावर शिंपीणबाई आहेत. त्यांच्या दारातून मशीनचा आवाज येतो. त्यांचा आकडा बघून बाबा मान हलवतात आणि म्हणतात, "कष्टाळू बाई आहे."

खाटेचं तूर्त राहू दे, असं त्यांना कळवलंस तर बरं. आग्रह नाही.

बाकी काही विशेष नाही. दाराजवळच्या कुंडीतलं नेच्याचं रोप पिवळं पडत चाललं आहे. ऊन लागत नसावं.

तुझी,
ताई


१९ सप्टेंबर

बटण,

हे पत्र छोटंच आहे.

डॉक्टरीणबाई आज पुन्हा येऊन गेल्या. कातडी तशीच उभी राहते. जीभ कोरडी. त्यांनी विचारलं, "पाणी किती घेतात?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा जीभ बघितली. म्हणाल्या, "इतकं पाणी पिणाऱ्या माणसाची जीभ अशी नसते. मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्या लागतील. आणि आता घरी ठेवण्याचा हट्ट नको."

मागच्या पत्रात मी लिहिलं नाही, पण जिना चढताना ते तीनदा बसले होते. आज तर बूट घालायलाही उठले नाहीत. मी म्हटलं, चला, दार उघडते, पाणी नको प्यायला. म्हणाले, "आज सुट्टी आहे."

तुझी खाट सोडू नकोस. महिना संपायच्या आत गाडी घेऊन ये. मी त्यांचे कपडे काढून ठेवते.

ताई


२३ सप्टेंबर

प्रिय बटण,

तुझं कार्ड आलं. इतक्या दिवसांत तू पहिल्यांदा काही लिहिलंस आणि ते असं! "ताई, दाराजवळ कुंडी आहे म्हणालीस ना? ती बघ." आणि खाली बारीक अक्षरात, "मला त्यांनीच शिकवलं होतं."

मी चष्मा लावून कुंडीपाशी गेले. बोट घातलं तर पार मुळापर्यंत चिखल. खालची बशी काठोकाठ. नेचा बिचारा दोन आठवडे बुडत होता आणि मी उन्हाला दोष देत होते.

बाबा पलंगावर होते. मी शेजारी बसले.

"बाबा, पाणी कुंडीत ओतत होतात?"

"कोण म्हणतं?"

"बटण म्हणते."

"चुगलखोर कुठली!" आणि मग, बटण, ते हसले. खांदे हलवून, आवाज न करता, आई रागावलेली असताना हसायचे तसे. "तिला ते दूध सोसायचं नाही गं. घरी येऊन ओकायची. म्हटलं, फाटकाजवळच्या कुंडीत ओत आणि ग्लास दाखव. पोरीचं मैदान कशाला बुडवायचं?"

"आणि मला नाही सांगितलंत ते?"

"तुला आवडायचं की."

"अजिबात नाही आवडायचं! नाक दाबून प्यायचे मी."

"मग बोलायचंस." आणि एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

मी तिथेच बसून राहिले. शाळेची सगळी वर्षं मी ते दूध शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि तू झोपाळ्यावर! याचा हिशेब आपण सावकाश करू. आत्ता मला हसू येतंय आणि तुझी फार आठवण येतेय, एवढंच.

लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती तुलाच सांगता येईल. हेडमास्तरने मला हेच शिकवलं होतं. आमच्या नळीला उंदराची जीभ लागली की यंत्र एक आकडा पुढे सरकायचं. हेडमास्तरचे आकडे भराभर वाढायला लागले. आम्ही खूश. मग लक्षात आलं, बाटली भरलेलीच आहे. त्याने नळीला नुसतं ओलं नाक लावायचं तंत्र काढलं होतं. यंत्राला नाक आणि जीभ यांतला फरक कळत नव्हता. तो बिचारा चुकला नव्हता. ज्या गोष्टीने ब्रेक सुटत होता, ती तो चोख करत होता.

तिथे आकडा वाढत होता आणि बाटली भरलेली. इथे ग्लास रिकामा आणि माणूस कोरडा. मी पाणी पिण्याला बक्षीस देतच नव्हते गं, रिकाम्या ग्लासाला देत होते. सिस्टरही तेच करत होत्या.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हसत होत्या. म्हणाल्या, तपासण्या चार दिवस थांबू शकतात, पण पाणी थांबू शकत नाही. घरी येऊन एकदा सलाईन लावून गेल्या. आज बाबांना जरा तरतरी आहे.

पण पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. समोर बसून पाजायला गेले तर तोंड मिटून घेतात. कुंडी बाल्कनीत नेऊन ठेवली, तर ग्लास नुसता हातात धरून बसतात. त्यांना माझी युक्ती कळली आहे आणि मला त्यांची.

तुझी,
ताई


२५ सप्टेंबर

प्रिय बटण,

काल सकाळी मी कुलूप काढलं. युक्ती वगैरे काही नाही, मला त्यांना त्या खुर्चीत बूट घालून बसलेलं बघवेना. म्हटलं, तसेही आता तुझ्याकडे यायचे आहेत, तर हिंडू देत दोन दिवस. पाण्याचं नावही काढलं नाही.

सावकाश उतरलो. पहिल्या मजल्यावर "नोंद करायला हवी" झालं. तळमजल्यावर शिंपीणबाईंचा आकडा वाचला. आवाज ऐकून त्या दातात धरलेला दोरा तोडत बाहेर आल्या. तोंडात टाचण्या असल्याने नेहमी नुसतं हसतात, काल नव्हत्या.

"काय काका, किती आलं आमचं?"

"जास्त आलंय. मशीनचा पट्टा सैल असणार, मोटार ओढते."

"बघते हं. पाणी घेणार?"

"द्या."

बटण, "द्या" म्हणाले! त्या भला मोठा ग्लास घेऊन आल्या आणि बाबांनी उभ्या उभ्या, मान मागे टाकून, एका दमात संपवला. ओठ पुसले, ग्लास परत दिला, "येतो" म्हणाले आणि पायरी उतरले. मी कठड्याला धरून उभी. 

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, घरी तर थेंब घेत नाही."

एवढं साधं कसं कळत नाही हिला, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरी कशाला प्यायचं? दहा दारी विचारतात. घरूनच पोट भरून निघालो तर लोकांना नाही म्हणावं लागतं. वाईट दिसतं ते."

आठवतं का तुला? कामावरून आल्यावर आई पाणी पुढे करायची आणि ते हाताने नको म्हणायचे. आपल्याला वाटायचं, दमलेत.

मी पाणी आणि चालणं यांच्यामध्ये दार उभं केलं होतं. त्यांच्यासाठी पाणी चालण्याच्या आतच होतं. ते आधी मागून मी दोन्हीचा विचका करून ठेवला.

संध्याकाळी मी शिंपीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी समोरच्या चष्म्याच्या दुकानदाराला सांगितलं, त्याने बाजूच्या न्हाव्याला. आज तीन दारी पाणी झालं. न्हाव्याने तर ग्लासाखाली बशी दिली, बाबा खूश. चालून तहान लागते ती वेगळीच. मी धरते कोपर, पण मीटरसमोर आले की सोडते. तिथे त्यांना कुणी धरलेलं आवडत नाही.

कातडी मी स्वतः चिमटीत धरून बघितली. खाली बसते आहे. पूर्ण नाही, पण बसते आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं चाललं तर घरी राहायला हरकत नाही, पण बरोबर माणूस हवं आणि रात्री कुलूप हवं. ते मला मान्य आहे.

तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. रिकामे ग्लास मोजणारी बाई मी. खाट सोडायच्या आधी स्वतः येऊन बघ. पहिल्या मजल्यावरच्या शेजारणींना विचारलं आहे, त्यांची जागा दोन दिवस वापर म्हणाल्या. सकाळी त्या दारात उभी राहा आणि पाणी विचार. पण मुलगी म्हणून नको. मुलीच्या हातचं घेत नाहीत, मी करून बघितलं आहे.

तुझी,
ताई


३० सप्टेंबर

प्रिय बटण,

तू वाटेतून ठेवलेला निरोप मिळाला. खाट सोडलीस. पुढचं काही तू बोलली नाहीस, नुसता गाडीचा आवाज येत राहिला, म्हणून हे लगेच लिहिते आहे.

तू दारात उभी होतीस तेव्हा मी वरच्या पायरीवर होते, मला दोघांचे चेहरे दिसत होते. बाबांनी मीटर वाचला. पुन्हा वाचला. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा वापर काहीच नाही. बाहेरगावी होतात का?"

आणि तू म्हणालीस, "हो. होते."

"मग ठीक आहे. नोंद बरोबर आहे."

तू पाणी विचारलंस. त्यांनी ग्लास घेतला, संपवला, परत दिला. "येतो" म्हणाले. तू ग्लास दोन्ही हातांनी धरून उभी राहिलीस. रात्री मला म्हणालीस, "पाणी प्यायले ते खरं, ताई. मला नाही ओळखलं."  टॅक्सीत बसतानाही तू वर खिडकीकडे बघितलं नाहीस. ते खिडकीत होते.

तू गेल्यावर मी त्यांचे बूट काढत होते. ते म्हणाले, "बारीक झालीय."

"कोण?"

"बटण. खात नाही का काही?"

माझा हात लेसवर तसाच राहिला. "बाबा, तुम्ही ओळखलंत तिला?"

"म्हणजे काय? बापाला मुलगी ओळखू येणार नाही?"

"मग तसं दाखवलं का नाहीत? पोर रडत गेली."

"ड्युटीवर घरच्या माणसाची ओळख दाखवायची नसते. लोक म्हणतात, आकडा कमी लावला." आणि वर म्हणाले, "आणि तिचा तर खरंच कमी होता. कुणालाही शंका आली असती."

मग त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं झोपले. मी दिवा घालवायला उठले तेव्हा म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत रीडिंग घ्यायचंय तिथलं. असेल ना ती घरी?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

तू मला काही विचारू नकोस म्हणाली होतीस. तर, विचारते आहे.

तुझी,
ताई